शंखांवरची पांढरी भुकटी

प्रश्न : गुहागर, वेळणेश्वर, हेदवी इथे जमवलेल्या कवड्या आणि शंख आम्ही प्लायवूडच्या कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यांत कापसावर ठेवले आहेत. पावसाळ्यानंतर त्यांच्यावर पांढरी भुकटी धरली. पुसली की जाते, महिन्याभरात परत येते. ही बुरशी आहे का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : बुरशी नव्हे. कपाटाचं दार उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो का, ते आधी बघा. प्लायवूड आणि पुठ्ठा यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ थोडी थोडी निघत असते. शंख-शिंपले मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याच्याच जातीचे. दमट हवेत हे आम्ल शंखावर बसतं, त्यातून क्षार तयार होतात, तीच ही भुकटी. म्हणजे नुसती पुसली तर दर वेळी शंखाचाच पापुद्रा जातो. १८९९ साली बाइन या इंग्रज संग्राहकाने यावर लिहिलं म्हणून याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. त्याला हे जंतूंचं काम वाटलं होतं. समज चुकीचा ठरला, नाव मात्र राहिलं. जंतुनाशकाचा इथे काही उपयोग नाही.

भुकटी मऊ ब्रशने झाडा. शंख गोड्या पाण्यात (बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर उत्तम) २४ तास बुडवा, मधे दोनदा पाणी बदला. मग तोंड खाली करून सावलीत, पंख्याखाली आठवडाभर वाळवा. घाई इथेच नडते: आतल्या पिळात पाणी राहिलं आणि डबा बंद केला, की पुन्हा तेच. पूर्ण वाळल्यावर काचेच्या बरण्यांत किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि डबे लोखंडी कपाटात. कापूस नको, तो ओल धरतो. कवडीची गेलेली चकाकी परत येत नाही. ती आणायला खोबरेल लावाल तर ते खवट होऊन चिकटतं, धूळ धरतं. लिंबू, चिंच, संडास साफ करायचं ॲसिड यांनी शंख चकचकीत दिसतो खरा, पण तो विरघळत असतो.

प्रश्न : शिंपले वेचायला कधी जावं? काही बंधनं आहेत का? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा आपल्याकडचा जुना हिशेब. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सहा तास आधी, सकाळी साडेसातला, पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी सर्वांत लांब हटतं. अष्टमीच्या भांगात, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, फारसं काही हाती लागत नाही.

रिकामे शंखच उचला. आत संन्यासी खेकडा असेल तर ठेवून द्या. शंकूसारखा निमुळता शंख जिवंत असेल तर हात लावू नका, काही जातींचा दंश माणसाच्या जिवावर बेततो. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातून काहीही उचलू नये. खिडक्यांना काचेसारखे लावत ते चपटे शिंपलेही कायद्याने संरक्षित आहेत. प्रत्येक शंखासोबत चिठ्ठी हवी: किनारा, तारीख, वाळू की खडक. पेन्सिलीने लिहा, शाई ओलीत पसरते.

प्रश्न : दक्षिणावर्ती शंख विकत मिळतो आहे. खरा कसा ओळखावा? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पूजेतल्या शंखाच्या जातीत उजवा शंख अतिशय दुर्मीळ. बाजारात त्याच्या नावाने बरेचदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा, जातीनेच उलट्या पिळाचा शंख खपवतात. तोंडात बोट घालून मधल्या खांबावरून फिरवा. खऱ्या शंखाला तिथे तीन-चार ठळक चुण्या लागतात, त्या परदेशी शंखाचा खांब गुळगुळीत असतो.