गोव्याच्या उकाड्यात फुल फेस हेल्मेट: घेताना काय बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: फोंड्याहून वेर्ण्याला रोज बाइकने ये-जा. सकाळच्या पाळीला जायचं आणि दुपारी अडीच-तीनला भर उन्हात परतायचं. आत्ताच्या फुल फेसमध्ये जीव गुदमरतो, म्हणून हाफ हेल्मेट घ्यावं का? बजेट चार हजार, आणि अधूनमधून मागे बायको असते. थोडं सविस्तर लिहितो. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत गोव्यातला जवळजवळ प्रत्येक दुचाकीवाला हेच विचारतो, आणि 'हलकं घे, पांढरं घे' हे जे उत्तर त्याला सगळीकडे मिळतं ते अर्धवट आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. हाफ घेऊ नका. फुल फेसच घ्या, पण ज्यातून हवा खरोखर डोक्याच्या कातडीपर्यंत पोचते असं घ्या. चार हजारांत ते नक्की मिळतं, फक्त दुकानात उभं राहून नीट तपासावं लागतं.

आधी आपला उकाडा कसला आहे ते बघा. एप्रिल-मेमध्ये पणजीचं कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. नागपूर-अकोल्याकडे ते ४४-४५ वर जातं, तरी तिथला माणूस इथे आला की पहिल्याच दिवशी हैराण होतो. कारण इथे घाम सुकत नाही. हवेतच एवढी वाफ असते की अंगावरचा घाम उडून जायला जागा मिळत नाही, आणि घाम उडाल्याशिवाय अंग थंड होत नाही. याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. आपली हवा बहुतेक वेळा कातडीच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, थोडी थंडच असते. विदर्भात मे महिन्यात अंगावर घेतलेला वारा भाजतो, तिथे लोक तोंड-डोकं गच्च बांधून घेतात ते बरोबरच आहे. गोव्यात वारा सहसा भाजत नाही. जितका वारा ओल्या केसांतून खेळेल तितकं बरं. म्हणून इकडे हेल्मेट निवडताना मी पहिल्यांदा हवेचा मार्ग बघतो. वजन, रंग, काच हे सगळं त्यानंतर.

हेल्मेट गरम का होतं? वरच्या कवचाच्या आत जो जाड थर असतो तो थर्मोकोलच्याच जातीचा असतो, आणि अपघातात डोकं वाचवतो तो तोच. आपटल्यावर तो चेपतो आणि धक्का स्वतःत घेतो. पण बाजारात मासळी बर्फात घालून ठेवतात त्या पेटीसारखा तो उष्णता अडवतोही. बाहेरचं ऊन आत लवकर येत नाही, तशीच तुमच्या डोक्याची ऊब बाहेर जात नाही. हा थर पातळ करता येत नाही, केला तर हेल्मेट घालण्यात अर्थ उरत नाही. म्हणून त्यात भोकं आणि आडवे-उभे चर पाडतात. पुढून हवा शिरते, केसांवरून मागे सरकते आणि मागच्या भोकांतून बाहेर ओढली जाते.

आता दुकानात काय करायचं ते सांगतो, आणि हे अगदी सांगितलं तसंच करा. हेल्मेट हातात घेऊन उलटं धरा. डोक्याकडचं अस्तर बटणांवर असतं, ते दुकानदाराला विचारून काढा. आत काळा किंवा पांढरा थर्मोकोल दिसेल. कपाळावरचे व्हेंट, म्हणजे हवेची भोकं, बाहेरून उघडा आणि मोबाइलचा टॉर्च बाहेरून त्यावर धरा. आतल्या भोकातून उजेड दिसला पाहिजे. बऱ्याच स्वस्त हेल्मेटांत, आणि काही महागांतही, बाहेर झकास व्हेंट असतात, उघडझाप करायची कळ असते, कवचालाही भोक असतं आणि आतला थर्मोकोल मात्र सलग असतो. ते व्हेंट नुसती शोभा आहेत. मागच्या बाजूला हीच परीक्षा पुन्हा करा. हवा शिरायला वाट आहे आणि निघायला नाही, तर ती शिरतही नाही. मग बोटाने चर चाचपून बघा: कपाळाच्या भोकापासून मागच्या भोकापर्यंत सलग गेलेत का, की मध्येच संपलेत? शेवटी अस्तर परत लावून बघा की कापड त्या भोकांवर जाड पॅडसारखं बसतं की तिथे जाळी आहे. उजेड सगळीकडून आला आणि अस्तराने भोक बुजवलं, तरी हिशेब तोच.

हनुवटीचा व्हेंट वेगळा. त्याची हवा डोक्यावर जात नाही, ती तोंडाकडे आणि काचेवर जाते. गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः इथून हवा कमी आली की, कारण आपण सोडलेला श्वास तिथेच साचतो. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुमच्या सध्याच्या हेल्मेटची मोठी अडचण इथे आहे. नवीन घेताना हनुवटीपुढे दोन बोटं आडवी सहज मावतील एवढी जागा बघा. हेल्मेट घाला, काच बंद करा, हनुवटीचा व्हेंट उघडा आणि दुकानातल्या टेबलफॅनसमोर उभे राहा. ओठांवर वारा लागला पाहिजे. फॅन लावून द्यायला कोणी दुकानदार नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र कुठलंही हेल्मेट करू शकत नाही. गाडी थांबली की व्हेंट थांबले. बोरीच्या पुलावर तुम्हाला बरं वाटत असेल, आणि फोंडा बाजारात किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रकच्या मागे घुसमट होत असेल. तिथे काच वर करणं हाच उपाय. म्हणून काचेची यंत्रणा नीट बघा: पहिल्या टप्प्यावर, म्हणजे बोटभर उघडी, ती टिकून राहते का? काही काचा एक तर पूर्ण बंद राहतात नाहीतर धाडकन वर जातात, त्या आपल्याकडे कामाच्या नाहीत. पावसाळ्यात, काचेवर आतून धुकं धरतं तेव्हा, हाच पहिला टप्पा पुन्हा उपयोगी पडतो.

आता हाफ हेल्मेटबद्दल. पणजीला कदंब स्टँडजवळ उभे असलेले पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, बघून तुम्हाला वाटत असेल की ही माणसं दिवसभर गाडीवर असतात आणि हाफ घालतात. त्यांचा फेरा छोटा असतो, गर्दीतला असतो, वेग कमी असतो. तरीही मी त्यांना फुल फेसच घाला म्हणेन. तुमचा रस्ता वेगळा आहे. लोटलीच्या बाजूची वळणं, कडेची वाळू, अचानक आडवी येणारी गुरं आणि कुत्री, आणि साठ-सत्तरचा वेग. तोंडघशी पडलात की जबडा आणि दात आधी रस्त्याला लागतात, आणि हाफमध्ये तिथे काहीच नसतं. शिवाय डोकं थंड राहायला हाफचा उपयोग लोकांना वाटतो तेवढा नाही. थर्मोकोल त्यातही असतो आणि बहुतेक हाफ हेल्मेटांत तो भोकाशिवायचा असतो. तोंडावर वारा लागतो म्हणून बरं वाटतं, टाळू तेवढीच तापते.

फ्लिप-अप, म्हणजे हनुवटी वर उचलता येणारं, काही जण सुचवतील. सिग्नलवर सोयीचं आहे, चष्मेवाल्यांना तर फारच. पण त्याच किमतीच्या साध्या फुल फेसपेक्षा ते जड असतं, आणि हनुवटी उघडी ठेवून चालवायची सवय लागते. सगळी फ्लिप-अप तशी चालवण्यासाठी तपासलेली नसतात. चार हजारांत मी साधं फुल फेसच घेईन. वर टोपीसारखी पट्टी असलेली ऑफ-रोड पद्धतीची हेल्मेटं हवेला उत्तम असतात, हनुवटीपुढे भरपूर मोकळी जागा असते. चोर्ला किंवा अनमोड घाटात मजेत चालतात, हायवेला वेग घेतला की ती पट्टी वाऱ्यात मान मागे ओढते. रोज वेर्ण्याला जायचं तर नको.

रंग पांढरा किंवा फिकट घ्याच, पण कारण नीट कळू द्या. चालत्या गाडीवर रंगाने आत फारसा फरक पडत नाही, थर्मोकोल मध्ये आहे. फरक पडतो तो कंपनीच्या पार्किंगमध्ये आरशाला अडकवून ठेवलेल्या हेल्मेटमध्ये. काळं कवच दिवसभर तापतं आणि मग ती सगळी ऊब तुम्ही डोक्यावर चढवता. हेल्मेट उन्हात ठेवूच नका, आत घेऊन जा. आरशाच्या दांड्यावर टांगल्याने आतला थर्मोकोल दबतो तेही टळेल. पेट्रोलच्या टाकीवरही ठेवू नका, पेट्रोलने थर्मोकोल विरघळतो. पांढऱ्याचा खरा फायदा दिसण्याचा आहे. लोटलीच्या झाडीत ऊन-सावलीचे पट्टे पडतात, त्यात समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला काळं डोकं दिसत नाही.

त्याच झाडीमुळे गडद काच नको. उन्हातून सावलीत शिरलं की क्षणभर पुढचं काहीच दिसत नाही, आणि सातनंतर तर ती काच घातकच आहे. साधी पारदर्शक काच घ्या. आतून खाली ओढायची छोटी काळी काच मिळाली तर सोय होते, पण ती बसवायला कपाळाजवळ जागा लागते आणि काही मॉडेलांत त्यापायी कपाळाचे व्हेंट लहान होतात. टॉर्चची परीक्षा अशा हेल्मेटला जास्त काळजीपूर्वक करा.

मापात उकाड्यामुळे हमखास गडबड होते. मोकळं वाटावं म्हणून लोक एक साइज मोठं घेतात. सैल हेल्मेट पडताना फिरतं, निघून जातं, आणि वाऱ्याने हलतं म्हणून मानही दुखते. टेप भुवयांच्या साधारण इंचभर वरून डोक्याभोवती फिरवा आणि सेंटिमीटरमध्ये माप घ्या. मग त्या कंपनीचा तक्ता बघा, कारण एकाचं मीडियम दुसऱ्याच्या लार्जएवढं असतं. नवीन हेल्मेटमध्ये गाल थोडे दाबले जायलाच हवेत, पॅड काही आठवड्यांत बसतात. कपाळावर मात्र एका ठिकाणी टोचता कामा नये. दुकानात पंधरा मिनिटं घालून फिरा. काढल्यावर कपाळावर लाल ठिपका उमटला असेल तर ते मॉडेल तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही, कितीही हवेशीर असो. आत सुती टोपी घालणार असाल तर ती घालूनच मापून बघा.

ती टोपी मी जरूर घालायला सांगेन. पातळ, सुती किंवा खेळाच्या कपड्याची. घाम ती शोषते, रोज धुता येते, अस्तर वाचतं. अस्तर आणि गालाचे पॅड निघणारे हवेतच, यात तडजोड नको. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा शांपू घालून हाताने चोळा, पिळू नका, सावलीत पंख्याखाली वाळवा. खोबरेल तेल लावणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तेल आणि घाम मिळून कापड चिकट होतं आणि त्यातून हवा जात नाही. जूनपासून चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, काही सुकत नाही, तेव्हा दुसरा संच असला तर सोन्याहून पिवळं. म्हणून विकत घेण्याआधी विचारा की या मॉडेलचं अस्तर आणि काच सुटी मिळते का. वास जावा म्हणून डांबरगोळ्या आत ठेवू नका, त्यांनी थर्मोकोल बिघडतो. ओलं हेल्मेट स्कूटरच्या डिकीत बंद केलंत तर दोन दिवसांत बुरशी धरेल.

शिक्क्याबद्दल थोडक्यात. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. मानक आहे आयएस ४१५१. शिक्क्याखाली सीएम/एल आणि पुढे आकडा असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून दुकानातच पडताळा. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मांडलेल्यांवर शिक्का असतो, पण हा आकडा अनेकदा नसतो किंवा भलत्याच वस्तूचा निघतो. याशिवाय युरोपच्या ईसीई २२.०६ चा शिक्का असेल तर जास्त चांगलं, कारण त्यात डोकं गरकन फिरवणाऱ्या तिरक्या धक्क्याचीही चाचणी होते. चार-पाच हजारांच्या आसपास अशी हेल्मेटं आता मिळतात. वेगा आणि अ‍ॅक्सर आपल्या शेजारी बेळगावचीच, स्टड्स आणि एसएमके एकाच घरची, स्टीलबर्ड आहे. यातलं कुठलंही मॉडेल टॉर्च, फॅन आणि पंधरा मिनिटं या तिन्हीत पास झालं तर डोळे मिटून घ्या. मी एकच नाव सांगत नाही, कारण तुमचं डोकं गोल आहे की लांबट ते मला इथून दिसत नाही.

वजन बाराशे ते पंधराशे ग्रॅमच्या दरम्यान असेल. शंभर ग्रॅमसाठी हवेशीर हेल्मेट सोडू नका.

राहिलं मागे बसणाऱ्यांचं. तुमचं जुनं हेल्मेट त्यांना देऊ नका, ते तुमच्या मापाला दबलेलं आहे. मागच्या माणसाला तुमच्या पाठीमुळे वारा कमी लागतो, कपाळाचे व्हेंट तिथे अर्धेच काम करतात. म्हणून त्यांच्यासाठी मोठ्या, सहज उघडणाऱ्या काचेचं आणि अस्तराला जाळी असलेलं बघा. केस लांब असतील तर अंबाडा घालून हेल्मेट बसत नाही, ते वर उचललं जातं आणि पट्टा हनुवटीऐवजी गळ्यावर येतो. मानेजवळ सैल वेणी घालून माप घ्या. त्यांच्यासाठी वेगळे दीड-दोन हजार बाजूला ठेवा आणि दुकानात त्यांनाही बरोबर घेऊन जा.