बूट २,४०० चेच घ्या, पण त्याआधी ती पॉलिसी परत करा

एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ५१, खासगी कंपनीत हिशेब विभागात नोकरी. मुलगी २४ वर्षांची. दोन वर्षं नोकरी करून तिने कॅट दिली आणि आता एका नामांकित व्यवस्थापन संस्थेकडून एमबीएच्या मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. मुलाखत तीन आठवड्यांवर आहे, संस्थेच्या आवारात, समोरासमोर. पॅनेल बूटसुद्धा बघतं, असं क्लासमधल्या मैत्रिणींनी सांगितल्यामुळे तिने ८,५०० रुपयांचे लेदरचे, टाचेचे बूट पसंत केले आहेत. ताईंना दुकानात २,४०० चा साधा काळा जोड बरा वाटला. तिसरा पर्याय मामेबहिणीच्या बुटांचा. ते चार वर्षांपूर्वी दोन-तीनदा वापरले आणि तेव्हापासून खोक्यात आहेत. ताई विचारतात, यातलं काय करावं?

पत्राच्या शेवटी, जाता जाता, आणखी चार ओळी आहेत. ‘फीची चिंता नाही. साधारण २० लाखांपैकी १० लाख आमचे आहेत, बाकीचं शैक्षणिक कर्ज काढू. १० लाखांतल्या ३ लाखांची एफडी मोडून गेल्या महिन्यात बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरनी सुचवलेल्या योजनेत टाकले. दुसऱ्या वर्षाच्या फीपर्यंत ते १२ टक्क्यांनी वाढतील, शिवाय करमुक्त.’ सोबत कागदाचा फोटो आहे. ती योजना म्हणजे युलिप, विमा आणि शेअर बाजाराशी जोडलेली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी. वार्षिक हप्ता ३ लाख, हप्ते १० वर्षं. पॉलिसी ईमेलवर येऊन १७ दिवस झाले होते.

बुटांचं उत्तर आधी एका ओळीत देतो: २,४०० चा जोड घ्या. सविस्तर पुढे लिहितो, कारण बूट दोन-चार दिवसांनी घेतले तरी चालतील. पॉलिसीचं तसं नाही. तुम्हाला मी हे फोनवर कळवलं आहेच, पण असे फोटो दर महिन्याला येतात, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो.

आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून, मग ती कागदावर असो वा ईमेलवर, ३० दिवसांचा फ्री-लुक कालावधी असतो. त्या मुदतीत पॉलिसी परत करून पैसे मागता येतात. युलिप असेल तर त्या दिवशीच्या युनिटच्या, म्हणजे फंडातल्या तुमच्या हिश्श्याच्या, भावाने रक्कम मिळते. जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचा विम्याचा खर्च, स्टँप ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च, एवढंच कापतात. बाजार हलल्यामुळे काही हजार इकडेतिकडे होतील. होऊ द्या. तुमच्याकडे १३ दिवस होते. ३१ व्या दिवशी हे दार बंद होतं आणि पैसे पाच वर्षांसाठी आत राहतात.

पाच वर्षं. मुलीचं शिक्षण दोन वर्षांत संपेल. दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेले पैसे, ती नोकरीला लागून तीन वर्षं झाल्यावर मोकळे होतील. हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. ‘फीच्या वेळी काढता येतील’ असं जो तुम्हाला म्हणाला, त्याने तुम्हाला खोटं सांगितलं. मऊ शब्दांत लिहिण्याची माझी तयारी नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. तुम्हाला वाटलं की ३ लाख एकदाच गुंतवले. कागद सांगतो की तो पहिला हप्ता आहे. बरोबर वर्षाने दुसरा ३ लाखांचा हप्ता येईल, म्हणजे दुसऱ्या वर्षाची फी जमवायच्या ऐन दिवसांत. ज्या पैशांतून फी भरायची होती तेच उलट तुमच्याकडे आणखी तेवढेच पैसे मागतील. दहा वर्षांचे ३० लाख होतात. तुमचं वय ५१. शेवटचे हप्ते तुमच्या निवृत्तीच्या दारात पडतील.

दुसरा हप्ता भरलाच नाही तर? मग शुल्क कापून उरलेली रक्कम बंद पॉलिसींच्या फंडात जाते, तिथे किमान ४ टक्के मिळतात आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावर हातात येते. ढोबळ हिशेब करू. ३ लाखांचे तेव्हा साडेतीन लाख झालेले असतील. मधल्या काळात फीसाठी ३ लाखांचं जादा कर्ज काढावं लागेल. १० टक्के धरले तर चार वर्षांत ते साधारण ४.४ लाखांवर जाईल. एफडीचं बुडालेलं व्याज मिळवा. एकूण फटका लाखाच्या आसपास. तुमच्या घरात ज्या बुटांवरून वाद चालू आहे, तसे अकरा जोड या एका सहीत गेले असते.

आता ते १२ टक्के. पॉलिसीसोबत लाभाचा एक तक्ता येतो. त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोनच दर धरलेले असतात, आणि तेही हमी म्हणून नव्हे, फक्त उदाहरणादाखल. विमा नियामकाने ती चौकट ठरवून दिली आहे. १२ चा आकडा त्या कागदावर कुठेही सापडणार नाही. तो फक्त बोलण्यात होता. आणि शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडातून वर्षभरात ठरावीक परतावा येईलच, ही आशा फीच्या पैशांबाबत धरायचीच नाही. फीची तारीख बाजाराला विचारून ठरत नाही.

‘करमुक्त’ हेही खरं नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासून घेतलेल्या युलिपचा वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या वर असेल, तर मुदतीअंती होणाऱ्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. तुमचा हप्ता ३ लाख. म्हणजे विक्रीचा मुख्य मुद्दाच तुमच्या पॉलिसीला लागू नाही. आणि एफडीवरचा कर वाचवायचा म्हणजे किती? ३ लाखांवर वर्षाचं व्याज धरा वीस हजार, तुमच्या कराच्या टप्प्याने त्यावर कर चार हजार. चार हजारांसाठी तीन लाख अडकवले.

परत कशी करायची तेही लिहितो, कारण इथेच लोक गळतात. अर्ज बँकेकडे नाही, विमा कंपनीकडे करायचा. पॉलिसी क्रमांक, ती मिळाल्याची तारीख, ‘फ्री-लुक कालावधीत पॉलिसी रद्द करावी’ हे एक वाक्य, रद्द केलेला चेक. ईमेल करा, शिवाय शाखेत प्रत देऊन तारखेचा शिक्का घ्या. त्यानंतर फोन येतील. ‘मॅडम, अजून दोन महिने थांबा.’ ‘हप्ता कमी करून देतो.’ प्रत्येक फोनला एकच उत्तर द्या: ईमेल वाचा. थांबायला सांगणारा माणूस तुमचे ३० दिवस संपायची वाट बघतो आहे. कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, आणि तिथेही सुटलं नाही तर विमा लोकपाल आहेत.

पैसे परत आले की पहिल्या वर्षाच्या फीचे पैसे बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीच्या एफडीत ठेवा. दुसऱ्या वर्षाची एफडी फीच्या तारखेआधी महिनाभर संपेल अशी करा. यात काहीही चमकदार नाही, आणि असायलाही नको. विमा हवा असेल तर तुमच्या नावाने साधा टर्म विमा घ्या, तो वेगळा विषय.

कर्जाबद्दल थोडक्यात. १० लाख, १० टक्के, १० वर्षं म्हणजे महिन्याला साधारण १३,२०० रुपये. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत शिक्षण आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तेवढं व्याज शिकत असतानाच भरत जा. संस्था केंद्र सरकारच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आहे का ते बघा, असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकतं. कर्जाच्या व्याजावरची करवजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. ती गृहीत धरून कर्जाचा आकडा फुगवू नका. आणि ‘सरासरी पॅकेज’ पाहून वर्षात कर्ज फेडू असं मुलगी म्हणत असेल, तर तिला संस्थेच्या अहवालातला मध्यक बघायला सांगा. पाच-दहा गलेलठ्ठ पगार सरासरीला वर ओढतात. वर्गातल्या निम्म्या मुलांना निदान किती मिळालं ते मध्यक सांगतो.

आता बूट. प्रश्न क्षुल्लक नाही. त्या दिवशी मुलगी काही तास तेच घालून वावरणार आहे: कागदपत्रांची तपासणी, अनेक ठिकाणी आधी लेखी चाचणी, मग ताटकळणं, आवारातल्या पायऱ्या, आणि शेवटी वीसेक मिनिटं पॅनेलसमोर. टाच घासून सोलली असेल तर तिचं अर्धं लक्ष पायाकडे राहील. पॅनेल बघतं ते एवढंच, की माणूस नीटनेटका आणि सहज बसला आहे का. बुटांची किंमत खोलीच्या पलीकडून कुणालाही कळत नाही. मळ, उसवलेली शिवण आणि अवघडलेली चाल मात्र कळते.

८,५०० च्या जोडाला माझा विरोध कंजूसपणातून नाही. ती रोज ऑफिसला तेच बूट घालणार असती, तर चांगल्या लेदरचा, तळवा बदलता येणारा जोड मी स्वतः सुचवला असता, तो वापरात वसूल होतो. पण ती वसतिगृहात जाते आहे. पुढच्या दोन वर्षांत औपचारिक बूट लागतील ते सादरीकरणं, इंटर्नशिपच्या मुलाखती आणि प्लेसमेंटसाठी. वीस वेळा धरा. एका वापराला ८,५०० चा जोड ४२५ रुपयांना पडतो, २,४०० चा १२० ला. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग जोडावर १८ टक्के. म्हणजे त्या ८,५०० मध्ये सुमारे १,३०० रुपये नुसते कराचे, २,४०० मध्ये सव्वाशेच्या आत.

मामेबहिणीचे बूट फुकट आहेत म्हणून मोह होईल, आणि नेमके तेच सगळ्यात धोक्याचे. हलक्या बुटांचे तळवे बरेचदा पॉलियुरेथेनचे असतात. हवेतल्या ओलाव्याने हा पदार्थ आतून विघटित होत जातो, आणि बूट न वापरता बंद खोक्यात ठेवले तरी ते थांबत नाही. वरून जोड कोरा करकरीत दिसतो, आणि दहा मिनिटं चाललं की तळव्याचे तुकडे पडू लागतात. तळवा अंगठ्याने दाबून बघा, बूट वाकवून बघा. चिकट लागला, भुगा पडला किंवा बारीक चिरा दिसल्या तर तो विषय संपला. अगदी धड वाटला तरी मुलाखतीला नको, कारण ते बूट दुसऱ्याच्या पायाच्या मापाने घेतलेले आहेत. न वापरता तळवा खराब होण्याची गोष्ट ८,५०० च्या जोडालाही लागू होऊ शकते. नोकरीत उपयोगी पडेल म्हणून घेऊन ठेवलेला महाग जोड कपाटात टिकेलच असं नाही.

२,४०० चा घेताना मुलीला सोबत न्या, आणि संध्याकाळी न्या. दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात, सकाळी बेताचा बसलेला जोड दुपारी चावतो. बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. रेक्झिनसारख्या कृत्रिम वरच्या भागाचा जोड असेल तर पहिल्याच वेळी आरामात बसला पाहिजे. लेदर वापराने थोडं सैलावतं, कृत्रिम जवळजवळ नाहीच, त्यामुळे ‘होईल सैल’ हे विक्रेत्याचं म्हणणं ऐकू नका. रंग काळा, बोटं झाकलेली, समोर चकचकीत बकल नको. टाच जास्तीत जास्त दीड-दोन इंच आणि रुंद, आणि तिला टाचेची सवयच नसेल तर सरळ सपाट बेली. ही सवय लावून घ्यायची वेळ मुलाखत नव्हे. दुकानातल्या फरशीवर चालायला लावा. टकटक आवाज मोठा येत असेल तर दुरुस्तीवाल्याकडून टाचेखाली रबर लावून घ्या, घसरणंही कमी होतं.

बूट याच आठवड्यात घ्या आणि रोज घरात तासभर घालू द्या, दोनदा जिने चढू-उतरू द्या. पँटची लांबी शिवून घेणार असाल किंवा ती साडी नेसणार असेल, तर मापाच्या वेळी पायात हाच जोड हवा. इंचभर टाचेने पँट घोट्यावर येते नाहीतर जमिनीला लागते. प्रवासात साध्या चपला घालू द्या. बूट पिशवीत, सोबत दोन चिकटपट्ट्या आणि पुसायला कापड. पॉलिश आदल्या रात्रीच करा, सकाळी केलेल्याचे डाग हाताला आणि हातातल्या प्रमाणपत्रांना लागतात.