त्याच झाडाकडे परत जा

बेटा,

तुझं पत्र मिळालं. चार पानांतली तीन पुण्याच्या प्रयोगशाळेवर, एक बाबांवर. एम.एस्सी. होऊन पोरगी काट्याकुट्यात फिरते म्हणून गाव हसतं, हे मला नवीन नाही. त्यावर समजूत घालत बसत नाही.

गणेरीच्या झाडाचं नुसत्या फुलांचं शीट, म्हणजे दाबून वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना, चालेल का, असं विचारतेस. हे विचारावं तरी का लागलं? गणेर फाल्गुनात फुलते तेव्हा अंगावर पान नसतं. पळस, काटेसावर, मोई, सगळ्यांची तीच तऱ्हा. आपलं कोरडं जंगल एका फेरीत कुणालाच पुरतं दिसत नाही. झाडाला खूण कर आणि पावसाळ्यात पानांसाठी त्याच झाडाकडे परत जा. शेजारच्या झाडाची चालणार नाहीत. फुलाचा रंग मात्र जागेवरच लिही. दाबल्यावर तो उडतो, आणि घरी येऊन आठवून लिहिलेला रंग मला दाखवू नकोस.

आयत्या नोंदींवर विसंबू नकोस. कुकचा वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये निघाला, पण तो मुंबई इलाख्याचा. आपला वऱ्हाड त्याच्या हद्दीबाहेर. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने आलेल्या लोक जैवविविधता नोंदवह्या, गावोगावच्या झाडाझुडपांच्या, प्राण्यांच्या नोंदी? ३१ जानेवारी २०२० ची मुदत जवळ आली तशा कित्येक खुर्चीत बसून भरल्या गेल्या. परत जाणं तर दूरच, एकदाही कुणी गेलं नाही.

आमच्या माळावर ऐन मे महिन्यात वृक्षलागवडीचे खड्डे खणायला माणसं आली. साहेब म्हणाले, "इथं आहेच काय?" मे महिन्यात काय दिसणार, कपाळ! गवत ओळखायचं ते कणसावर, आणि कणीस येतं पावसाळा सरताना. पवन्या, मारवेल, कुसळीची आश्विनातली शीटं मी ग्रामसभेपुढे मांडली. गुराखी पुढे झाले, कुठलं गवत कधी चरतं ते त्यांनीच सांगितलं. निम्मा माळ वाचला. निम्म्यावर आज ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड आहे, तिकडून जाताना मी मान वळवतो.

एका टेकडीवर प्रबंध होत नाही, असं मला आमच्या प्राचार्यांनी सुनावलं होतं. मी टेकडी सोडली नाही, पीएच.डी. सोडली. बरोबरचे विभागप्रमुख झाले. खंत आहे, पेन्शनच्या आकड्यात दर महिन्याला दिसते. पण विचार त्यांना, काटेपूर्णेकडच्या कुठल्या नाल्याला वैशाखात ओल असते ते! आणि प्रबंधांची गठ्ठी कॉलेजच्या कपाटात वाळवीने खाल्ली, तेव्हा... जाऊ दे. पत्र तुला लिहितोय, वकिली माझीच चाललीय.

पुण्याचा फॉर्म भर. मी आडवा येत नाही. डीएनएचं काम खरंच शिकण्यासारखं आहे, फक्त त्या नमुन्यालाही शेवटी दाबलेलं रोप जोडावं लागतं, आणि ते रोप कुणीतरी इथूनच न्यावं लागतं. बाबांशी मी बोलतो, ते माझं ऐकतात.

पण आषाढात गणेरीची पानं आणायला कोण येणार, ते आधी कळव. झाडाला खूण केली आहेस ना?

तुझे सर