वाळवंटातल्या बाल्कनीत निवडुंगाच्या कळ्या का सुकतात

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मडगावच्या अंगणात विनासायास वाढणारे निवडुंग दुबईतल्या आठव्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत का रुसले आहेत? सहापैकी दोन रोपांवर पांढुरके डाग पडले, मॅमिलेरिया या छोट्या गोल निवडुंगाच्या कळ्या न उमलताच सुकल्या आणि आता मे महिन्यात पाणी दुप्पट करूनही काही फरक दिसत नाही. मी अकरा वर्षे शारजात राहून हाच उद्योग केला आणि आता फोंड्याला परतलो आहे, त्यामुळे दोन्ही हवामानांत रोपे मारण्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे.

प्रथम पाणी थांबवा. निवडुंग आपली रंध्रे, म्हणजे अंगावरची सूक्ष्म छिद्रे, दिवसा मिटून ठेवतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो. उन्हाळ्यात दुबईची रात्रच तीस अंशांच्या खाली उतरत नसेल, तर हे काम मंदावते, वाढ थबकते आणि मुळे फारसे पाणी ओढत नाहीत. वरून झळ लागते म्हणून आपल्याला ते झाड तहानलेले वाटते, पण प्रत्यक्षात ते झोपलेले असते, आणि झोपलेल्या झाडाच्या मुळाशी साठलेले कोमट पाणी त्याला कुजवते. गंमत म्हणजे गोव्यातही मी जून ते सप्टेंबर हेच चार महिने रोपांना जवळजवळ कोरडे ठेवतो. इथे कारण पाऊस आणि दमट हवा, तिथे कारण तापलेली रात्र. मी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी आटोपली की त्याच आठवड्यात कुंड्या अंगणातून उचलून बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीच्या, छपराखाली आणतो. तुम्हीही त्याच सुमारास त्यांचे पाणी तोडा. बारा-पंधरा दिवसांतून एकदा, सूर्यास्तानंतर कुंडी निवल्यावर, माती जेमतेम ओलावेल एवढेच द्या.

डाग कडक आणि कोरडा असेल, तर ते ऊन लागल्याचे व्रण आहेत. ते जात नाहीत, पण पसरतही नाहीत, तेव्हा कापाकापी करू नका. बोटाने दाबल्यावर मऊ लागत असेल, तर मात्र ती कूज आहे. पश्चिमेचे दुपारचे ऊन अडवण्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर या काळात निम्मे ऊन गाळणारी हिरवी जाळी बांधा. कुंडीची कोणती बाजू उन्हाकडे आहे याची खडूने खूण करून ठेवा, कारण सावलीत राहिलेली बाजू अचानक उन्हाकडे फिरली की तीही भाजते.

खरा घोटाळा मात्र बहुधा कुंडीतच असतो. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात एवढी तापते की उन्हाकडच्या कडेची कोवळी मुळे मरतात, आणि मुळे गेली की रोप सर्वांत आधी कळ्या टाकते. नुसती मातीची छोटी कुंडी घेतली तर ती तिथल्या कोरड्या हवेत काही तासांत वाळते. मला लागू पडलेला उपाय असा: चार इंची कुंडी सात इंची मातीच्या कुंडीत बसवायची आणि मधली फट जाड खडीने भरायची. मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग दोन ते पाच मिलिमीटरची खडी, प्यूमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा विटांचा चुरा असावा. वाळवंटातले झाड म्हणून वाळवंटातलीच वाळू, हा मोह मलाही झाला होता. ती वाऱ्याने आलेली बारीक वाळू कुंडीत दगडासारखी घट्ट बसते आणि हवा कोंडते. मातीवर पांढरा थर दिसू लागला, तर तो क्षारांचा आहे. हिवाळ्यात दोनदा वरून भरपूर पाणी सोडून ते खालून वाहू द्या आणि बशी लगेच रिकामी करा.

फुलांच्या बाबतीत मात्र तुमची जागा माझ्यापेक्षा भाग्यवान आहे. जानेवारीत दुबईची रात्र चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरते, पणजीत ती वीसच्या आसपासच घुटमळते. आणि बहुतेक गोल निवडुंगांना कळी धरण्यासाठी गार, कोरडी, पण भरपूर उजेडाची विश्रांती हवी असते. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीपासून पाणी पुन्हा सुरू करा, कमी नायट्रोजनचे खत एक-दोनदा पातळ करून द्या, डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदाच पाणी द्या आणि फेब्रुवारीत कळ्या दिसल्या की ते हळूहळू वाढवा. कळी आल्यावर कुंडी हलवू नका.

मॅमिलेरिया, जिम्नोकॅलिशियम आणि अ‍ॅस्ट्रोफायटम हे निवडुंगाचे प्रकार तिथे निभावतात. एकिनॉप्सिसचे रात्री उमलणारे फूल दुसऱ्या दिवशी कोमेजते, तरी त्यासाठी जागावे असे ते असते. रेब्युशियाच्या नादी मात्र लागू नका, तिला याहून कडक थंडी हवी. रोपवाटिकेत निवडुंगाच्या डोक्यावर ताजे दिसणारे रंगीत फूल असेल, तर ते हलक्या हाताने चाचपून पाहा. सुकवलेले फूल गरम गोंदाने चिकटवून विकण्याची चाल सर्रास आहे, आणि मी स्वतः असे एक रोप घेऊन दोन महिने त्याच्या दुसऱ्या फुलाची वाट पाहिली होती.

या आठवड्यात फक्त जाळी बांधा आणि पाणी तोडा. मुळे तपासून दुहेरी कुंडीत हलवण्याचे काम ऑक्टोबरवर ठेवा, कारण ऐन उन्हाळ्यात दुखावलेले मूळ लवकर भरून येत नाही. तोवर काळ्या कुंड्यांच्या उन्हाकडच्या बाजूला एखादी पांढरी फरशी उभी करून ठेवलीत तरी पुष्कळ.