विमानात दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या प्रवाशाला पोलीस नेमके कधी ताब्यात घेतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुबई–मुंबई विमानात शेजारच्याने ड्यूटी-फ्रीची बाटली उघडली, शिवीगाळ केली, हात लावेपर्यंत मजल गेली. क्रूने "उतरल्यावर पोलिसांच्या ताब्यात देऊ" असा दम भरला, पण मुंबईत दार उघडल्यावर कुणीच आलं नाही आणि तो गृहस्थ ट्रॉली ढकलत निघून गेला. असं का होतं, आणि तुम्ही काय करायला हवं होतं?

पोलीस दाराशी आपणहून येत नाहीत. कुणीतरी बोलावावं लागतं, आणि बोलावल्यावर कुणीतरी लेखी तक्रार द्यावी लागते. या दोन्हींतली एक गोष्ट राहिली की माणूस घरी जातो.

आधी हवेत काय घडतं ते बघा. वैमानिक कॉकपिटचं दार उघडून बाहेर येत नाही, येऊही नये. 2001 नंतर ते दार उड्डाणभर बंदच असतं. त्यामुळे मागे काय चाललंय हे कॅप्टनला कळतं ते इंटरफोनवर, मुख्य केबिन क्रूच्या तोंडून. तिने "24 सी वर जरा प्यायलेला आहे, सांभाळतोय" असं सांगितलं तर कॅप्टनच्या लेखी तो विषय तिथेच संपला. "तीनदा समज दिली, ऐकत नाही, 24 बी वरच्या महिलेला हात लावला, ती तक्रार करणार आहे" असं सांगितलं तर मात्र तो कंपनीच्या कंट्रोल रूमला आणि हवाई वाहतूक नियंत्रणाला कळवतो, की उतरल्यावर सुरक्षा हवी. हा निरोप विमान उतरण्याच्या बराच आधी जायला हवा. धावपट्टी दिसायला लागल्यावर गेलेल्या निरोपाने वेळेवर कुणी पोहोचत नाही.

क्रूच्या पायऱ्या साधारण अशा: आधी तोंडी समज आणि दारू बंद. मग दुसऱ्या क्रू मेंबरसमोर पुन्हा समज. त्यानंतर लेखी इशारा, म्हणजे "तुमचं वागणं कायद्याने गुन्हा ठरू शकतं" असा छापील कागद हातात देणं. बऱ्याच कंपन्यांकडे हा कागद तयार असतो. त्यानेही भागलं नाही तर कॅप्टनच्या परवानगीने बांधणं. त्यासाठी विमानात प्लास्टिकच्या पट्ट्यांचा संच असतो, जोडीला सीटबेल्टची जोडपट्टी वापरतात. बांधलेल्या माणसाला आपत्कालीन दारापासून दूर ठेवतात. पालथं कधीच पाडून ठेवत नाहीत, कारण छातीवर दाब येऊन श्वास अडकू शकतो. मनगटाची पट्टी किती घट्ट आहे, बोटं निळी तर पडत नाहीत ना, हे कुणीतरी सतत बघत राहतं. पट्टी कापायची कात्री हाताशी हवी; आग लागली, विमान रिकामं करावं लागलं, तर त्यालाही बाहेर काढायचंच असतं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती चुकली की सगळंच चुकतं. झिंगलेला दिसणारा प्रत्येक जण प्यायलेला नसतो. मधुमेह्याची साखर उतरली की जीभ अडखळते, घाम सुटतो, माणूस चिडतो, प्रसंगी हातही उगारतो. डिमेन्शिया असलेली वृद्ध व्यक्ती रात्री अनोळखी जागेत दार शोधत फिरते. म्हणून दंडाला धरण्याआधी सोबत कोण आहे, कुठली औषधं चालू आहेत, हे विचारायचं असतं. दारूचा वास येत नसेल तर आधी डॉक्टर प्रवासी आहे का याची घोषणा.

सहप्रवाशांनी मदत करावी का? विमानातल्या गुन्ह्यांबद्दलचा 1963 चा टोकियो करार यावर स्पष्ट आहे, आणि भारताने त्यासाठी 1975 मध्ये स्वतंत्र कायदा केला. कॅप्टन क्रूला बांधण्याचा हुकूम देऊ शकतो. प्रवाशांना मात्र फक्त विनंती करू शकतो, सक्ती नाही. विमानाला किंवा माणसांना तातडीचा धोका असेल तर प्रवासी परवानगीविना हस्तक्षेप करू शकतो, आणि करारात बसणारी वाजवी कृती केल्याबद्दल त्याच्यावर नंतर कारवाई होत नाही. शब्द "वाजवी" आहे. बांधून झाल्यावर दोन लगावून देणं त्यात बसत नाही. ती तुमच्यावरची वेगळी केस.

आता जमिनीवर. बहुतेक मोठ्या विमानतळांवर दाराशी जे गणवेशातले लोक दिसतात ते पोलीस नसतात, सीआयएसएफचे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे) जवान असतात. ते माणसाला ताब्यात घेतात, पण गुन्हा नोंदवणं आणि तपास करणं हे त्यांचं काम नाही. ते हद्दीतल्या पोलीस ठाण्याचं काम. मुंबईत आंतरराष्ट्रीय टर्मिनलवरची अशी प्रकरणं सहार पोलीस ठाण्यात जातात. विमान थांबल्यावर सगळ्यांना बसून राहायला सांगतात, त्या प्रवाशाला सामानासह बाहेर नेतात, आणि कंपनीचा सुरक्षा अधिकारी क्रूचा लेखी अहवाल घेऊन ठाण्यात जातो. तिथे क्रूपैकी एक जण तक्रारदार म्हणून जबाब देतो. मग सरकारी रुग्णालयात तपासणी आणि रक्ताचा नमुना. यात उशीर झाला की रक्तातलं दारूचं प्रमाण उतरत जातं, आणि कोर्टात नेमकं तेच अंगलट येतं.

साखळी बहुतेक वेळा इथेच तुटते. क्रूची ड्यूटी संपलेली असते, उद्या पहाटे दुसरं उड्डाण असतं, ठाण्यात चार-पाच तास जाणार असतात, आणि पुढे साक्षीला तारखा. मग प्रवासी हात जोडतो, माफीनामा लिहून देतो, कंपनीचा माणूसही "जाऊ द्या" म्हणतो. माझ्या मते तुमच्या प्रकरणात हेच झालं असणार.

कंपनीला असं परस्पर मिटवण्याची मोकळीक नाही, हे मात्र लक्षात घ्या. 26 नोव्हेंबर 2022 च्या एअर इंडियाच्या न्यूयॉर्क–दिल्ली विमानात एका प्रवाशाने ज्येष्ठ महिलेच्या अंगावर लघवी केल्याचा आरोप झाला, ते प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. दिल्लीत उतरल्यावर तो प्रवासी सरळ निघून गेला. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो जानेवारी 2023 मध्ये. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, कंपनीला 30 लाख रुपये दंड केला आणि कॅप्टनचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला. लोक प्रवाशाबद्दल बोलत राहिले. हवाई क्षेत्रात खरी खळबळ माजली ती कॅप्टनच्या निलंबनाने. असा प्रकार घडला की विमान उतरल्यापासून 12 तासांत डीजीसीएला कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे.

कलमं कुठली लागतात? विमान नियम 1937 मधले नियम 22 आणि 23 क्रूला मारहाण, धमकी, कामात अडथळा आणि विमानातली शिस्त बिघडवण्याबद्दल आहेत. नियम 25 धूम्रपानाबद्दल. जोडीला भारतीय न्याय संहितेचं कलम 125, म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारं कृत्य. ते जामीनपात्र आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तनाचं कलम 355 त्याहून किरकोळ. म्हणून नुसत्या शिवीगाळीच्या प्रकरणात माणूस बहुधा जामिनावर सुटतो. मार्च 2023 मध्ये इंडिगोच्या दुबई–मुंबई विमानातच कोल्हापूर आणि नालासोपाऱ्याच्या दोघांना सहार पोलिसांनी अटक केली होती. आखातातून परतण्याच्या आनंदात ड्यूटी-फ्रीची दारू विमानातच उघडली, अडवणाऱ्यांना शिव्या घातल्या. पुढे जामीन झाला. त्याच महिन्यात लंडन–मुंबई विमानाच्या स्वच्छतागृहात सिगारेट ओढणाऱ्या एकाला कोर्टाने 25,000 रुपयांचा जामीन दिला, तर तो म्हणाला, इंटरनेटवर दंड 250 रुपये लिहिलाय, तेवढाच भरीन. न्याय संहितेच्या आधीच्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 336 मध्ये खरोखरच 250 होते. पण दंड आणि जामीन या वेगळ्या गोष्टी, आणि या हट्टापायी स्वारी तुरुंगात गेली.

सिगारेटवर एवढी कडक नजर का, असं वाटत असेल तर 11 जुलै 1973 चं व्हारिग या ब्राझीलच्या कंपनीचं विमान आठवा. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाजवळ स्वच्छतागृहातल्या कचऱ्याच्या डब्याशी आग लागली आणि 123 जण गेले, बहुतेक धुराने. धूम्रपानबंदी असूनही स्वच्छतागृहाच्या दारावर अजून राखदाणी असते ती याचसाठी. कुणी नियम मोडलाच तर थोटूक कागदी टॉवेलांत पडू नये.

आता तुमच्या मुद्द्याकडे. अंगाला हात लावला, तर प्रकरण शिवीगाळीपुरतं राहत नाही. तक्रार करणारी महिला असेल तर न्याय संहितेचं कलम 74 (विनयभंग) लागू शकतं: एक ते पाच वर्षं कैद, अजामीनपात्र. आणि इथे कंपनीच्या तक्रारीची वाट बघायची गरजच नाही, कारण तक्रारदार स्वतः पीडित असते. तिचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. विमानतळावर थांबणं शक्य नसेल तर नागपूरला, कोल्हापूरला, जिथे राहता तिथल्या ठाण्यात झिरो एफआयआर द्या. हद्दीचं कारण सांगून ते परत पाठवू शकत नाहीत. कागदपत्रं मग योग्य ठाण्याकडे जातात.

पण या सगळ्याला जोर येतो तो हवेतच केलेल्या दोन-तीन गोष्टींनी. कॉल बटण दाबून जागा बदलून मागा. तुमची जागा का बदलली याची नोंद राहते. क्रूला स्पष्ट शब्दांत सांगा: "मला लेखी तक्रार द्यायची आहे, कॅप्टनला कळवा आणि उतरल्यावर सुरक्षा बोलवा." हे तिन्ही भाग एका दमात सांगा, नुसतं "बघा ना हा कसा वागतोय" नको. मोबाइलच्या नोट्समध्ये वेळ, त्याचा सीट क्रमांक, नेमके शब्द, आणि ज्या क्रू मेंबरशी बोललात तिच्या बिल्ल्यावरचं नाव लिहा. मागच्या-पुढच्या रांगेतल्या दोघांचे फोन नंबर दार उघडण्याआधी घ्या. सामानाच्या बेल्टपाशी गेल्यावर कुणी सापडत नाही. व्हिडिओ आपल्या जागेवर बसून काढायला हरकत नाही, पण उभं राहून, वाट अडवून काढू नका. मग क्रूच्या अहवालात तुमचंही नाव येतं. कपड्यावर काही सांडलं असेल, फाटलं असेल तर ते न धुता कागदी पिशवीत ठेवा.

विमान परदेशी कंपनीचं होतं का, हेही बघा. विमानाच्या शेपटाकडे व्हीटी ने सुरू होणारी खूण असेल तर ते भारतात नोंदलेलं, आणि न्याय संहिता त्यावर जगात कुठेही लागू होते. परदेशी नोंदणीचं असेल आणि प्रकार समुद्रावर, भारतीय हद्दीबाहेर घडला असेल, तर टोकियो कराराने पहिला अधिकार नोंदणी करणाऱ्या देशाचा. मुंबई पोलीस तिथे अडखळतात, आणि ती केवळ टाळाटाळ नसते. 2014 च्या माँट्रियल प्रोटोकॉलने विमान उतरतं त्या देशालाही अधिकार दिला, 1 जानेवारी 2020 पासून तो अमलात आला, पण स्वीकारलेल्या देशांपुरताच. अशा वेळी घटना नेमकी किती वाजता घडली याला फार किंमत येते, कारण त्यावरून विमान कुठे होतं ते काढता येतं.

पोलीस केस झाली नाही तरी विमानबंदीचा रस्ता वेगळा आणि चालू असतो. 2017 च्या मार्चमध्ये उस्मानाबादच्या तत्कालीन खासदारांनी दिल्लीत विमान कंपनीच्या अधिकाऱ्याला मारहाण केल्याचं प्रकरण गाजलं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये डीजीसीएची नियमावली आली. तिच्यात तीन पातळ्या आहेत. शिवीगाळ, अंगविक्षेप, दारूचा धिंगाणा: तीन महिन्यांपर्यंत बंदी. ढकलणं, मारणं, नको तसा स्पर्श: सहा महिन्यांपर्यंत. जीवघेणा हल्ला, विमानाच्या यंत्रणेची मोडतोड, कॉकपिटमध्ये घुसण्याचा प्रयत्न: किमान दोन वर्षं, वरची मर्यादा नाही. पुन्हा तेच केलं तर आधीच्या दुप्पट. निर्णय कंपनीची समिती घेते, पण अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात आणि सोबत दुसऱ्या विमान कंपनीचा व ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी. समितीला 30 दिवस मिळतात, तोवर कंपनी त्याला रोखू शकते. 30 दिवसांत निकाल नाही लागला तर माणूस मोकळा. त्यामुळे तुमची ईमेल तक्रार पहिल्या दोन-तीन दिवसांत गेली पाहिजे: पीएनआर, उड्डाण क्रमांक, दोन्ही सीट क्रमांक, साक्षीदार, आणि "हे प्रकरण अंतर्गत समितीपुढे ठेवा" ही स्पष्ट मागणी. नुसतं ग्राहक सेवेला लिहिलंत तर व्हाउचर मिळेल.

आणि बंदी एका कंपनीची असली की दुसरीने पाळलीच पाहिजे असं नाही. तो ऐच्छिक भाग आहे. तुमचा शेजारी पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीच्या विमानाने दुबईला गेला तर त्यात बेकायदा काही नसेल. एफआयआर मात्र कंपनी बदलली म्हणून सुटत नाही.