नळीचा लवचिकपणा तपासताना

आधी रायफल रिकामी आहे ना, ते चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) बोट घालून बघ. मग साध्या कागदाची पट्टी नळी आणि लाकडी दस्त्याच्या मधून सरकव. ती चेंबरपर्यंत अडखळत नसेल तर नळी मोकळी आहे. आता बायपॉडवर (रायफलच्या पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) नेहमीसारखा भार देऊन पट्टी पुन्हा सरकव. इथे अडकली, तर दोष बहुतेक वेळा नळीचा नसून दस्ता वाकण्याचा असतो. हे बहुतेक जण तपासतच नाहीत!

प्रत्यक्ष नेमबाजीत एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या गोळ्या घे. एक गट (एकाच नेमावर मारलेल्या काही गोळ्या) वाळूच्या पिशवीवरून, एक स्लिंग (रायफलचा पट्टा) ताणून, मग पुन्हा पिशवीवरून, असे आलटून पालटून मार. सगळे एका प्रकारचे आधी उरकलेस तर नळी तापल्याचा परिणाम त्यात मिसळेल. तीन गोळ्यांवरून काहीच ठरवू नकोस. गटात निदान 5 हव्यात, आणि गटही अनेक.

गटाचा मध्य सरकला की गट फुगला, हे वेगवेगळं मोज. मध्य सरकला तर बाहेरचा दाब बदलतोय.

बारीक नळीला नावं ठेवू नकोस, पण लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराने टोक आठपट वाकतं, हे लक्षात असू दे.