डार्विनची १८६०ची प्रत: बाइंडिंगला देऊ नका

आजोबांच्या कपाटात ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची १८६०ची, शीर्षकपानावर ‘फिफ्थ थाउजंड’ छापलेली प्रत सापडली, पुठ्ठा सांध्यातून सुटलाय, तर चामड्याचं नवं बाइंडिंग करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून थांबा. माझ्या प्रतीचं याच पायी वाटोळं झालं.

तुमची ही दुसरी आवृत्ती. प्रकाशक जॉन मरेनं नोव्हेंबर १८५९मध्ये १,२५० प्रती काढल्या, जानेवारीत आणखी ३,०००. एकूण ४,२५०, म्हणून ‘फिफ्थ थाउजंड’, म्हणजे पाचवा हजार. ‘पहिली नाही ना’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. शेवटच्या वाक्यात ‘बाय द क्रिएटर’ (निर्मात्याकडून) हे शब्द डार्विननं याच आवृत्तीत घातले आणि अस्वलापासून देवमाशासारखा प्राणी घडू शकेल, ही कल्पना याच आवृत्तीत छाटली. लोकांच्या टीकेनंतर तो कुठे नमला, ते इथे दिसतं.

माझी प्रत ज्या कार्यशाळेत दिली, तिचं नाव घेत नाही. ‘फक्त सांधा धरून द्या’ असं मी पावतीवर लिहून घेतलं होतं. परत आलं ते चकचकीत रेक्झिनचं पुस्तक! मूळ हिरवं कापड गेलं, तिन्ही कडा मशीनवर कापलेल्या, शेवटी असलेली मरेची पुस्तकसूची गायब. विचारलं तर म्हणे, ‘त्या जाहिराती होत्या, काढल्या.’ अहो, प्रकाशकाचं कापड आणि ती सूची हाच तर ती प्रत मूळ रूपात असल्याचा पुरावा! पावती दाखवली तर साहेब जेवायला गेलेत, सोमवारी या. असे कितीतरी सोमवार गेले. अजून राग जात नाही.

मी संवर्धनतज्ज्ञ नाही, पण माझं मत पक्कं आहे: मळकं, सुटलेलं मूळ कापड नव्या चामड्यापेक्षा केव्हाही बरं. आम्लमुक्त पुठ्ठ्याची मापाची पेटी करून घ्या, पुस्तक सुती फितीनं सैल बांधून आत ठेवा. सांधा धरायचाच असेल तर जपानी कागद (पातळ पण चिवट) आणि गव्हाची खळ वापरणाराच माणूस शोधा. सेलोटेप, फेव्हिकॉल अजिबात नको. देण्याआधी प्रत्येक पानाचे फोटो काढा, ११७व्या पानासमोरच्या घडीच्या आकृतीचे तर नक्कीच. पुस्तकातलं ते एकमेव चित्र. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, दमट हवा आत कोंडते. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर आजच पुढे ओढा.